ताट वेगळे कशासाठी?

वस्तीत आरोग्यावर बोलायला गेलो की साखर, ब्लडप्रेशर, टीबी, मुलांचा खोकला यांवर मंडळी मोकळेपणाने विचारतात. एचआयव्हीचा प्रश्न मात्र सर्वांसमोर कधीच येत नाही. कार्यक्रम संपतो, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात होते, तेव्हा कोणीतरी हळूच बाजूला घेते. "आमच्या शेजारी एकाला ती बिमारी आहे म्हणतात. त्यांच्या घरी चहा घेतला तर चालतो ना?"

चालतो. त्याच कपातून घेतला तरी चालतो. एकत्र जेवणे, एकाच नळावर पाणी भरणे, एकाच संडासाला जाणे, हातात हात घेणे, लेकराचा पापा घेणे, तापात उशाशी बसणे, यातल्या कशानेही एचआयव्ही लागत नाही. खोकल्या-शिंकण्याने लागत नाही. डास चावून लागत नाही, कारण हा विषाणू डासाच्या पोटात टिकत नाही. लागण होण्याच्या वाटा मोजक्या आहेत : निरोधशिवाय शरीरसंबंध, दूषित रक्त, एकाची सुई दुसऱ्याने वापरणे आणि आईकडून बाळाला, म्हणजे गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना. यापलीकडे वाट नाही.

हे शाळेच्या भिंतीवर लिहिले गेले, दूरदर्शनवर दाखवले गेले, सरकारी बसच्या मागे रंगवले गेले. तरीही ताट वेगळे निघतेच. माहिती पोचली आणि भीती गेली नाही, असे का झाले, हे समजायचे तर या आजाराची गोष्ट आपल्याला पहिल्यांदा कोणत्या शब्दांत सांगितली गेली ते पाहावे लागेल.

आधी मूळ. हा विषाणू कोणाच्या पापातून जन्मला नाही आणि कोणत्या प्रयोगशाळेत बनवला गेला नाही. मध्य आफ्रिकेतील चिंपांझी माकडांमध्ये त्याचा पूर्वज फार आधीपासून होता. आज जगभर पसरलेला प्रकार आग्नेय कॅमेरूनमधल्या चिंपांझींकडून माणसात आला, हे विषाणूंच्या जनुकांची जुळवाजुळव करून शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. काळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांचा. जंगलात शिकार करून पोट भरणाऱ्या माणसाचे शिकार कापताना बोट कापले, जनावराचे रक्त त्या जखमेत गेले, अशी ती सुरुवात मानली जाते. माकडाशी माणसाने काही वंगाळ केले म्हणून रोग आला, ही चावडीवरची चावट गोष्ट आम्हीही ऐकली आहे. तिला काही आधार नाही.

जंगलातला एक विषाणू शहरात कसा पोचला? काँगो नदीने, रेल्वेने आणि मजुरांच्या पायांनी. आजचे किन्शासा शहर तेव्हा बेल्जियमच्या ताब्यातले लिओपोल्डव्हिल होते. गोऱ्या राज्यकर्त्यांना कामाला पुरुष हवे होते, त्यांची बायकामुले नको होती. हजारो पुरुष घरदार मागे ठेवून आले, शहरात देहविक्रय वाढला. त्याच काळात सरकारी मोहिमांत एकामागून एक माणसांना इंजेक्शने दिली जात. सुया नीट उकळल्या जात नसत, त्यांचाही हातभार लागला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. किन्शासात १९५९ साली घेतलेल्या एका रक्ताच्या नमुन्यात हा विषाणू पुढे सापडला. म्हणजे जगाला आजाराचे नाव कळण्याच्या वीस-बावीस वर्षे आधी तो तिथे होता. मरणारे आफ्रिकेतले गरीब होते, म्हणून कोणी मोजले नाही.

मोजणी सुरू झाली ती अमेरिकेत. ५ जून १९८१ रोजी तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची हकिकत छापून आली. पाचही समलिंगी, पाचही एका विरळ न्यूमोनियाने आजारी, दोघे तोवर दगावलेले. झाले! आजाराला सुरुवातीला जे नाव पडले त्यातच 'समलिंगी' हा शब्द होता. रक्त घेतलेले रुग्ण, स्त्रिया, लहान बाळे यांच्यातही तोच आजार दिसू लागल्यावर १९८२ मध्ये ते नाव मागे पडले आणि एड्स हे नाव आले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने विषाणू शोधला. पुढे २००८ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळाले. पण तोवर लोकांच्या डोक्यात पक्के बसले होते की हा 'तसल्या' लोकांचा रोग आहे.

दोष द्यायला माणूस सापडला की समाजाला किती बरे वाटते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. गेटान द्युगा नावाचा कॅनडाचा एक विमान-कर्मचारी १९८४ मध्ये एड्सने वारला. जिवंत असताना त्याने डॉक्टरांना आपली सगळी माहिती मोकळेपणाने दिली होती. अभ्यासाच्या कागदात त्याच्या नावापुढे इंग्रजी 'ओ' हे अक्षर होते. अर्थ एवढाच की हा रुग्ण कॅलिफोर्नियाच्या बाहेरचा. वाचणाऱ्यांनी ते अक्षर शून्य म्हणून वाचले. 'रुग्ण शून्य', म्हणजे अमेरिकेत रोग आणणारा पहिला माणूस! १९८७ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या पुस्तकाने आणि वर्तमानपत्रांनी मेलेल्या माणसाला खलनायक करून टाकले. जुन्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून २०१६ मध्ये स्पष्ट झाले की विषाणू न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारासच पोचला होता आणि हा माणूस त्याचा उगम नव्हताच. एक अक्षर चुकीचे वाचले गेले आणि डाग निघायला जवळपास तीस वर्षे लागली.

बरे, ज्याच्याकडे बोट दाखवायला काहीच नव्हते तो तरी सुटला का? इंडियाना राज्यातला रायन व्हाइट तेरा वर्षांचा होता. रक्त न गोठण्याचा आजार असल्याने त्याला रक्तातून बनवलेले औषध घ्यावे लागे, त्यातून एचआयव्ही आला. १९८५ मध्ये शाळेने त्याला दार बंद केले. तो १९९० मध्ये वारला, अठराव्या वर्षी.

आपल्या देशात पहिली नोंद १९८६ ची. चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासायला घेतले. वेल्लोरच्या रुग्णालयातील चाचण्यांत काहींच्या रक्तात विषाणू आढळला. तोवर आपल्याकडचे मोठे मोठे लोक सांगत होते, हा पाश्चात्यांचा रोग, आपल्या संस्कृतीत तो येणार नाही. आल्यावर तेच म्हणू लागले, हा वेश्यांचा आणि ट्रकवाल्यांचा रोग. अमेरिकेतली गोष्ट इथे पात्रे बदलून सांगितली गेली. त्या बायकांकडे गिऱ्हाईक म्हणून जाणारे कोण होते आणि ते संध्याकाळी कोणाच्या घरी परत जात होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

शेजारच्या गोव्यात १९८९ मध्ये जे घडले ते तरुण वाचकांना खरे वाटणार नाही. डॉमिनिक डिसूझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण. त्याच्या रक्तात विषाणू सापडला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद करून ठेवली होती. म्हापशाच्या जुन्या टीबी इस्पितळात त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवले. आजारी नव्हता, गुन्हा केला नव्हता. त्याची आई ल्युसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने त्याला घरी सोडले, पण शेवटच्या निकालात तो कायदा रद्द केला नाही. डॉमिनिकने पुढे एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. 'माय ब्रदर निखिल' हा २००५ चा हिंदी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही कहाणी ओळखीची वाटेल.

मुंबईतील एका रोजंदारी कामगाराची गोष्ट वेगळी झाली. एका सरकारी महामंडळात कायम होण्याची पाळी आली तेव्हा तपासणीत त्याला एचआयव्ही निघाला आणि अंगात ताकद असताना, काम येत असताना त्याला काढून टाकले. तो उच्च न्यायालयात गेला. नाव उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने त्याला 'एमएक्स' या अक्षरांनी लढू दिले. १९९७ मध्ये निकाल लागला : माणूस काम करण्याइतका तंदुरुस्त असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्हीमुळे त्याची रोजी काढून घेता येणार नाही. टोपणनावाने लढलेल्या त्या बिगारी माणसाच्या निकालाचा आधार पुढे अनेकांना मिळाला.

न्यायालयातल्या या लढाया झाल्या. घरातली लढाई कोणत्या निकालात येत नाही, आणि ती बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येते.

पाहा कसे होते ते. गरोदर बाईची सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणी होते. बाळाला वाचवता यावे म्हणून ती होते आणि व्हायलाच हवी. नवऱ्याची कधी झालेलीच नसते. त्यामुळे घरात आजाराचा पहिला कागद तिच्या नावाने येतो. ज्याचा कागद आधी, त्याने रोग आणला, असा हिशोब सासरी लावला जातो. खरे तर आपल्या देशात लागण झालेल्या विवाहित स्त्रियांपैकी बहुतेकींना ती नवऱ्याकडूनच झालेली असते. ती आयुष्यात दुसऱ्या कोणाजवळ गेलेली नसते. नवरा तपासणीला जायला तयार नसतो. तो आजारी पडला की तीच शुश्रूषा करते आणि तो गेला की "पोराला खाल्लेस" म्हणून तिलाच घराबाहेर काढतात. घरातला हिस्सा जातो, कधी मुलेही ठेवून घेतात. आजाराने जितके घर मोडत नाही तितके या हिशोबाने मोडते.

ताट-वाटी वेगळी, गोधडी वेगळी, लेकरांना "तिच्याजवळ जाऊ नको" अशी ताकीद. पाणी वरून ओतून देणे म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांनी अंगावर झेललेले आहे. ज्याच्या स्पर्शाने काही होत नाही त्याचा स्पर्श टाळणे याला आपल्याकडे शब्द आहे, विटाळ. गावाने आपल्याशी केले तेच आपल्या स्वयंपाकघरात आपल्याच लेकीसुनेशी व्हावे, हे आम्हाला आजारापेक्षा जास्त झोंबते.

या भीतीमुळे माणसे मरतात, हे अलंकारिक बोलणे नव्हे. त्यासाठी औषधाचे गणित समजून घ्या. एचआयव्ही रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हळूहळू संपवतो. त्याला वर्षे लागतात. आठ-दहा वर्षेही माणूस वरून ठणठणीत दिसतो. पेशी फार कमी झाल्या की टीबी, न्यूमोनिया, जुलाब असे आजार घेरतात, त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणून एचआयव्ही असणे आणि एड्स होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार आला आणि मरणारी माणसे कामावर जाऊ लागली. पण तेव्हा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. तो कोणाच्या आवाक्यात? २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. त्यानंतर जगभर किमती कोसळल्या. आफ्रिकेतल्या लाखो गरिबांपर्यंत औषध पोचले त्यात आपल्याकडच्या कारखान्यांचा वाटा मोठा आहे. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे, ज्यांना एआरटी म्हणतात, मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून पेशी कितीही असोत, एचआयव्ही निघाला की लगेच उपचार सुरू होतो. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते.

ही गोळी विषाणू मुळासकट काढत नाही, त्यामुळे ती आयुष्यभर घ्यायची. पण रोज घेतली तर काही महिन्यांत रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. ती पातळी टिकली तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे जगभरच्या मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. आईने औषध वेळेत घेतले आणि जन्मल्यावर बाळालाही दिले, तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पाचाच्या खाली येतो. काहीच केले नाही तर तो १५ ते ४५ इतका असतो. म्हणजे गोळी खाणारा माणूस स्वतः जगतो आणि साथही थांबवतो.

आणि नेमकी हीच गोळी लाजेपोटी चुकते. बाई ती तांदळाच्या डब्यात लपवते. घरी पाहुणे आले की दोन-चार दिवस डबा उघडतच नाही. नवरा आपल्या तालुक्याच्या केंद्रात ओळखीचे कोणी भेटेल म्हणून शंभर किलोमीटर दूरच्या केंद्रात नाव नोंदवतो. मग हातात पैसे नसले की महिन्याची फेरी चुकते. एसटीत प्रवासाची सवलत आहे, पण ती घ्यायची तर कंडक्टरपुढे कार्ड काढावे लागते. कोणी डबीचे लेबल खरवडून टाकते. गोळ्या सुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि वारंवार सुटल्या तर औषधालाच दाद देईनासा होतो. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात. यांतल्या प्रत्येकासाठी औषध आहे. शेजारी काय म्हणतील यावर मात्र औषध दवाखान्यात नाही.

'या गोष्टी घरात कशा बोलायच्या?' असे विचारणाऱ्यांना एक जुनी हकिकत सांगावीशी वाटते. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक शिक्षणावर लिहीत. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, दंड झाला. पण जी गोष्ट बाबासाहेब भर न्यायालयात बोलू शकले, ती आपण वयात आलेल्या पोराशी चुलीपुढे बसून बोलायला लाजावे काय?

कायदा आता आपल्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याची खोली यांत एचआयव्हीमुळे नाकारता येत नाही. राहत्या घरातून हाकलता येत नाही, ही तरतूद विधवा सुनांनी विशेष लक्षात ठेवावी. अशा व्यक्तींविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वस्तीच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणाचे नाव टाकून 'सावध राहा' लिहिणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात आणि सगळे गुप्त राहते. लागण होऊन गेल्यावर तीन महिन्यांपर्यंत रक्तात ती दिसणार नाही असे होऊ शकते, म्हणून धोका घडला असेल आणि पहिला निकाल निगेटिव्ह आला असेल तर पुन्हा तपासा. टीबी निघाला असेल तर एचआयव्हीची तपासणी टाळू नका, आणि एचआयव्ही असेल तर खोकला अंगावर काढू नका. सफाईकाम करताना इंजेक्शनची सुई टोचली किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत, खरे तर त्याच दिवशी, सरकारी रुग्णालय गाठा. २८ दिवस गोळ्या घेतल्या की लागण बहुतांशी टळते. घरातली गरोदर सून तपासणीला जाईल तेव्हा मुलालाही सोबत पाठवा, दोघांचे रक्त एकाच दिवशी तपासून घ्या. पुढचा "आधी कोण" हा वाद उरणार नाही. ज्यांचे पोट हातावर आहे त्यांनी तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करावी, एचआयव्ही बाधितांचा तीत समावेश आहे. आणि नाव न सांगता काही विचारायचे असेल तर १०९७ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते.